शेंदराचा थर, सिमेंटचा थर: अमूर्त शिल्पात संगणक आला त्याची गोष्ट

नेहमीप्रमाणे हा भागाचा लिखित उतारा. बोलताना जिथे फारच भरकटलो तिथे थोडं कापलंय, बाकी जसंच्या तसं.

या भागाचा विषय जाहीर केल्यावर पहिला प्रश्न आला तो असा: केळापुरात बसून अमूर्त शिल्पाबद्दल काय बोलणार? इथे ना आर्ट गॅलरी, ना कला महाविद्यालय. प्रश्न रास्त आहे. बाहेरच्या श्रोत्यांसाठी आधी एक खुलासा करतो. तालुक्याचं नाव केळापूर, पण कचेरी, बाजार, बसस्टँड सगळं पांढरकवड्याला. केळापूर म्हटलं की लोकांना जगदंबेचं देऊळ आठवतं. नागपूर-हैदराबाद हायवे इथून जातो, आणि खाली पैनगंगा ओलांडली की तेलंगण.

तर उत्तर असं आहे की अमूर्त आकार आपल्याकडे मुंबईहून आलेला नाही. तो बांधावर, लिंबाखाली, गावाच्या शिवेवर आधीपासून बसलेला आहे. नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. एक दगड आणि त्यावर शेंदूर. कुठे तो मारोती, कुठे म्हसोबा, कुठे पोचम्मा. मराठीत अशा देवाला फार नेमका शब्द आहे: तांदळा. अवयव न कोरलेला, नुसत्या पिंडासारखा देव. पैनगंगेपलीकडच्या माहूरच्या रेणुकेचं रूपही तांदळ्याचंच मानतात. तिथे मुख आहे, पण बाकी देह नाही. गोंड आणि कोलाम वस्त्यांमधले देव तर अनेकदा दगड, लाकूड, बांबू यांतच असतात. माणसाच्या रूपात देव घडवला नाही तरी चालतं, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही. युरोपातल्या शिल्पकारांना त्यासाठी विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली, आणि मग त्यावर बरीच पुस्तकं लिहावी लागली.

हे मी गमतीने म्हणतोय, पण पूर्ण गमतीने नाही. कारण आजचा मुद्दा असा आहे की संगणक आला तेव्हा मूर्तीचं काय झालं, हे समजायला सोपं आहे. अमूर्ताचं काय झालं, ते जरा अवघड आहे.

मूर्तीचं आधी उरकून टाकू. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार, जन्म १९२५चा. नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा त्यांचा. २०१८च्या ३१ ऑक्टोबरला त्याचं अनावरण झालं. तिथे आधी ३० फुटांचं प्रारूप घडलं, त्याचं त्रिमितीय स्कॅनिंग झालं, आणि त्या आकड्यांवरून आकार मोठा केला गेला. म्हणजे पूर्वी शिल्पकाराच्या कारखान्यात माप वाढवायला टोकदार सळ्यांची चौकट असायची, एकेक बिंदू मोजून दगडावर उतरवायचे, तेच काम झालं. वेग वाढला, चूक कमी झाली, पण कामाची जात बदलली नाही. चेहरा कसा दिसायला हवा हे आधीच ठरलेलं होतं. संगणक मापाड्या होता.

अमूर्तात मात्र आकार कसा दिसायला हवा हेच ठरलेलं नसतं. मग संगणकाला सांगायचं काय?

याची सुरुवात १९६८ला झाली. अमेरिकेत रॉबर्ट मॅलरी नावाचे शिल्पकार होते, त्यांनी ‘क्वाड १’ नावाचं शिल्प केलं. त्यांचा प्रोग्राम एखाद्या आकाराचे आडवे काप काढून द्यायचा. पाव कसा कापतो, तसे. मग तो प्रत्येक काप लाकडात कापायचा, एकावर एक चिकटवायचा आणि हाताने घासून गुळगुळीत करायचा. त्याच सुमाराला जर्मनीत सीमेन्स कंपनीतले गेओर्ग नेस यांनी संगणकाने काढलेले आकार यंत्राकडून धातूत कोरून घेतले. या दोघांच्या पद्धती नीट लक्षात ठेवा, कारण आज जे काही चालतं ते यांतच आहे. एक रीत थर चढवण्याची, दुसरी कोरून काढण्याची.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०ला टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक चालू झाला. त्याच संस्थेसाठी होमी भाभा आधुनिक चित्रं आणि शिल्पं जमवत होते. हुसेन यांचं मोठं भित्तिचित्र तिथेच आहे. एकाच छपराखाली संगणक आणि आधुनिक कला! पण दोघांची ओळख झाली नाही असंच म्हणावं लागेल. मुंबईचे अमूर्ताकडे वळलेले शिल्पकार त्या काळात वेल्डिंगच्या ठिणग्यांत होते. आदी दावियरवाला मुळात औषधशास्त्राचे माणूस, पुढे लाकूड, दगड, पोलाद असं करत गेले आणि १९७५ला गेले. पिलू पोचखानवाला भंगारातलं लोखंड जोडून शिल्पं करायच्या. त्या १९८६ला गेल्या. दोघांचाही जीव साहित्यात, म्हणजे मटेरियलमध्ये. लोखंड वाकवताना ते जे सांगेल ते ऐकायचं. संगणकाला सांगायला तिथे जागाच नव्हती.

आता मला जिथे रेंगाळायचंय तिथे येतो. १९९२ ते ९५ या काळात अहमदाबादला एक जमिनीखालची गुहा बांधली गेली. आधी तिचं नाव हुसेन-दोशी नी गुफा, आता अमदावाद नी गुफा. तिचे दोन्ही बाप महाराष्ट्रात जन्मलेले. मकबूल फिदा हुसेन १९१५ला पंढरपुरात, वास्तुकार बाळकृष्ण दोशी १९२७ला पुण्यात. वरून पाहिलं तर कासवांच्या पाठी उगवल्यात असं वाटतं. फुटक्या चिनीमातीचे तुकडे लावलेले घुमट. आत सरळ भिंत नाही, सरळ खांब नाही, जमीन सपाट नाही. हिला इमारत म्हणायचं की आत शिरता येणारं अमूर्त शिल्प म्हणायचं, यावर वाद घालता येईल. मी शिल्प म्हणतो.

अशा आकाराचं गणित हाताने सोडवणं कठीण. घुमट एकमेकांत मिसळतात, भार कुठून कुठे जातो ते सांगता येत नाही. म्हणून संगणकाची मदत घेतली गेली. आणि अंगावर काटा येईल असा निष्कर्ष निघाला, की कवच फक्त १ इंच जाडीचं पुरेल. साहित्य फेरोसिमेंट: बारीक तारेची जाळी, त्यावर सिमेंटचा गिलावा. नेहमीसारखा पायाही नाही. सगळा आकार सलग असल्यामुळे तो स्वतःचा भार स्वतःच वाटून घेतो.

बांधलं कुणी? आदिवासी मजुरांनी, साध्या हातातल्या अवजारांनी. इंग्रजी लेखांत त्यांच्यासाठी हमखास येणारा शब्द म्हणजे ‘अकुशल’. तो शब्द मला भयंकर खटकतो. कुडाची भिंत पाहिली असेल तुम्ही. बांबूच्या कामट्या विणायच्या, दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची. आमच्या भागातल्या कोलाम पोडावर अशी घरं आजही दिसतात. आता बांबूच्या जागी तार ठेवा, मातीच्या जागी सिमेंट. झालं फेरोसिमेंट! गोल, वळणदार, उभ्या-आडव्या रेषा नसलेली भिंत हाताच्या अंदाजाने एकसारखी लिंपायची, ती १ इंचाच्या वर जाऊ द्यायची नाही, हे काम ओळंबा लावून सरळ विटा रचणाऱ्या गवंड्याला झेपलं असतं का? संगणकाने सांगितलं की १ इंच पुरेल. तो १ इंच हातांनी धरून दाखवला. ‘अकुशल’ लिहिणाऱ्याने कूड कधी लिंपलेला नसावा.

भारतातल्या डिजिटल शिल्पाच्या इतिहासात हा प्रसंग मी फार वर ठेवतो. कारण पुढे जगात जे झालं त्यात हा हात हळूहळू दिसेनासा झाला.

पुढचं नाव अनिश कपूर. जन्म मुंबईचा, १९५४चा. लंडनला शिकले, १९७९ला भारतात फिरून परत गेले आणि रंगाच्या भुकटीच्या ढिगांची शिल्पं करू लागले. लाल, पिवळे, निळे शुद्ध रंगाचे आकार, ‘१००० नेम्स’ नावाची मालिका. देवळाबाहेर कुंकू-गुलालाचे ढीग लावलेली दुकानं आठवा, म्हणजे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यांचं जगप्रसिद्ध काम शिकागोचं ‘क्लाउड गेट’, लोक ज्याला घेवडा म्हणतात. म्हणजे बीन हो. स्टेनलेस स्टीलच्या १६८ पत्र्यांचा, सुमारे १० मीटर उंच, २० मीटर लांब, आरशासारखा थेंब. २००४ला अर्धवट अवस्थेतच लोकांना दाखवला गेला, पूर्ण व्हायला २००६ उजाडलं. संगणकावर आकार मांडल्याशिवाय आणि यंत्राने मोजून पत्रे वळवल्याशिवाय हे काम होणारच नव्हतं. पण उशीर कशामुळे झाला? सांधे घासून नाहीसे करण्यात. वेल्डिंगची एकही रेघ दिसता कामा नये, यासाठी माणसं महिनोन् महिने पॉलिश करत होती. म्हणजे हात इथेही होताच, पण त्याचं काम काय, तर हाताची खूण पुसणं. अहमदाबादच्या बरोब्बर उलट.

मला त्यांचं दुसरं एक काम जास्त महत्त्वाचं वाटतं. २००९ला लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्यांनी सिमेंटची शिल्पं मांडली. माद्रिदच्या फॅक्टम आर्ते या कार्यशाळेबरोबर एक यंत्र तयार केलं होतं. संगणकाच्या हुकमाने ते यंत्र फिरायचं आणि नळीतून सिमेंटची वळी थरावर थर सोडत जायचं. उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या घालताना पाहिलंय ना? सोऱ्या दाबायचा आणि हात गोल फिरवायचा. अगदी तेच. फक्त कुरडई माणसाएवढी.

आणि झालं काय, तर सिमेंटने ऐकलं नाही. ओलं होतं, जड होतं. खालचा थर वरच्याने दबला, वळ्या घसरल्या, कुठे पोट सुटलं, कुठे बुरूज कलला. यंत्र तेच, सूचना ठरलेल्या, तरी प्रत्येक ढीग वेगळा. कपूरांनी ते दुरुस्त केलं नाही. तेच शिल्प म्हणून ठेवलं. संगणकाने रेषा दिली, आकार गुरुत्वाकर्षणाने दिला. कुणी म्हणेल हा आळस. मला उलट वाटतं. पडद्यावर सगळंच शक्य असतं, तिथे काही पडत नाही, तडकत नाही. अमूर्त शिल्पाला डिजिटलचा खरा धोका तोच आहे, सगळं गुळगुळीत होण्याचा. त्या यंत्राने सिमेंटला बोलू दिलं.

थर चढवणारं छपाईयंत्र पुढे घराघरात पोचलं त्याचा इतिहास छोटा आहे, पटकन सांगतो. चक हल यांना १९८६ला पहिलं महत्त्वाचं पेटंट मिळालं. द्रव राळ प्रकाशाने थराथराने कडक करायची रीत. प्लास्टिकची तार वितळवून थर देण्याची रीत स्कॉट क्रम्प यांची. तिचं पेटंट २००९ला संपलं आणि यंत्रं स्वस्त झाली. आता अमूर्त आकार करायला ना भट्टी लागते ना छिन्नी. फाइल लागते.

पण थरांवर थर ही कल्पना आपल्याला नवीन वाटायला नको. शेंदूर आणि तेल दर शनिवारी, दर अमावास्येला दगडावर चढतं. पन्नास वर्षांनी दगड केवढा झालेला असतो! २०२२ला नाशिकच्या वणीच्या सप्तशृंगीचं (आपली यवतमाळची वणी नव्हे) शेंदूरलेपन काढलं, तेव्हा हजार किलोहून जास्त शेंदूर निघाला आणि खालचे मूर्तीचे बारकावे समोर आले. विचार करा, त्या थरांचा आकार कुणी ठरवला होता? कुणीच नाही. शेकडो हातांनी, शेकडो वर्षांत, प्रत्येकाने एक बोट शेंदूर लावून.

आता एक वळण घेतो. बोलताना इथे मी पाणी प्यायला थांबलो होतो. २०२१ला आपल्याच भागात, झरी जामणी तालुक्यात शिबला-पार्डीजवळ काळ्या दगडाचे खांब उघडे पडले. भूशास्त्राचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते काय आहेत हे सांगितलं. बातमी झाली, लोक पाहायला गेले. कुणाला ते जुन्या वाड्याचे अवशेष वाटले असतील तर नवल नाही, इतके ते घडवल्यासारखे दिसतात. ते आहेत लाव्हाचे. दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. जाड थर निवताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि तडा निवणाऱ्या पृष्ठभागापासून आत आत शिरत जातो. तीन तडे समान कोनांत भेटले की ताण सगळ्यात बरा मोकळा होतो, म्हणून खांबांना बहुधा सहा बाजू येतात, कधी पाच, कधी सात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल ही त्यांचीच बहीण.

हे इथे का सांगतोय? कारण आज संगणकावर अमूर्त शिल्प करणाऱ्या कुठल्याही तरुणाचं काम पाहा, जाळीदार, पेशीपेशींचे आकार दिसतील. त्या रचनेला व्होरोनॉय म्हणतात, युक्रेनमध्ये जन्मलेल्या एका गणितज्ञाच्या नावावरून. रीत सोपी आहे. सपाटीवर काही ठिपके टाका. प्रत्येक जागा तिच्या सगळ्यात जवळच्या ठिपक्याला देऊन टाका. शेजाऱ्यांच्या हद्दी जिथे भेटतात त्या रेषा काढा. गावच्या शिवा ठरवाव्यात तसं. ठिपके बऱ्यापैकी एकसारखे पसरलेले असतील तर बहुतेक पेशी षट्कोनी निघतात. सॉफ्टवेअरमध्ये याची बटणं असतात. दाबलं की शिल्प तयार. शिबल्याचा दगड हेच करून बसलाय, पण बटण न दाबता. त्याला निवायला वेळ लागला, आणि किती वेळ लागला ते खांबाच्या जाडीत नोंदलेलं आहे. हळू निवला तर जाड खांब, भराभर निवला तर बारीक. बटणवाल्या व्होरोनॉयमध्ये ही नोंद नसते, म्हणून ते दोन मिनिटांत कंटाळवाणे होतात. हे माझं मत, भांडायला मोकळे आहात.

आता खरा प्रश्न. हे खांब आणि हे तांदळे, यांचं स्कॅनिंग करावं का?

तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही. मोबाइलने सगळ्या बाजूंनी शे-दीडशे फोटो, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग यायला हवा, शेजारी माप कळायला पट्टी. सॉफ्टवेअर सामाईक बिंदू शोधून आकार उभा करतं. शिबल्याचा काळा, मंद दगड यासाठी चांगला. शेंदरी देव मात्र त्रास देतो. तेलाने तो चमकतो. आपण हललो की चमक हलते आणि सॉफ्टवेअरला बिंदू सापडत नाहीत. आकारात भोकं पडतात. शिकागोच्या आरशासारख्या थेंबाचंही असंच. एकाला कोट्यवधींचा खर्च आलाय, दुसऱ्याला वाटीभर तेल. कॅमेऱ्यापुढे दोघेही निसटतात.

करावं असं म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. चेहरा नसलेल्या गोष्टी सगळ्यात आधी नाहीशा होतात. रस्ता रुंद होतो, मुरूम उपसला जातो, खाणीची हद्द सरकते. पुतळा असेल तर गाव जमा होतं. नुसता दगड असेल तर जेसीबीवाल्याला तो दगडच दिसतो. नोंद असेल तर निदान इथे काही होतं हे दाखवता येईल.

न करावं म्हणणाऱ्यांचीही ऐका. कपूरांच्या थेंबासारखा आकार २०१५ला चीनमधल्या कारामाय शहरात उभा राहिला तेव्हा त्यांनी चोरी म्हणून जाहीर आवाज उठवला. त्यांच्यामागे वकील आहेत, नाव आहे. पोडावरच्या देवाचा आकार उद्या एखाद्या दिवाणखान्यातला दिवा झाला तर कोलामाने कुणाकडे जायचं? कोलाम ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी समूहांपैकी एक. कॉपीराइटचा कायदा कर्ता विचारतो. तांदळ्याला कर्ता नसतो.

माझा कल कुठे आहे ते सांगतो. केळापूर तालुक्यातली बरीच गावं पाचव्या अनुसूचीत येतात, म्हणजे तिथे १९९६चा पेसा कायदा लागू आहे. त्या कायद्यात ग्रामसभेला आपल्या परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनं जपण्याचा अधिकार दिलेला आहे. तेंदूपत्ता, बांबू, गौण खनिज यांसाठी आपण पेसाचं नाव घेतो. आकारासाठी का घेऊ नये? खांबांचं स्कॅनिंग उघड व्हावं, ते भूशास्त्र आहे, जगाने पाहावं. देवाचं मात्र ग्रामसभेत विचारूनच. गाव नाही म्हणालं तर नाही. हो म्हणालं तर मूळ फाइल गावाकडे राहावी, ग्रामपंचायतीच्या कपाटात पेन ड्राइव्हवर का होईना, आणि ठरावात लिहावं की छापून विकायची परवानगी नाही. हा ठराव कोर्टात किती टिकेल तो वकिलांचा विषय. पण कागदावर गावाचं म्हणणं असणं आणि काहीच नसणं यात फरक आहे.

शिबल्याला जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. खांबांवर चढू नका, आणि सहा बाजूंचा तुकडा सुटा दिसला तरी घरी आणू नका. फोटो काढाल तेव्हा शेजारी पट्टी किंवा निदान पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे माप कळेल. तुमच्या गावात तांदळा असेल तर मला त्याचा फोटो पाठवायची घाई करू नका. त्याला गावात काय नाव आहे आणि शेंदूर कोण लावतं, एवढं आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात कापसाच्या जिनिंगचा इतिहास घेतोय, त्याआधी जमलं तर हे आवाज ऐकवेन.